ब्याऐंशी साल: व्हिएन्ना आणि लालबाग

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्याच वर्षी, २६ जुलै ते ६ ऑगस्ट या काळात, संयुक्त राष्ट्रांनी व्हिएन्नात वृद्धत्वावरची पहिली जागतिक परिषद भरवली आणि ६२ शिफारशींचा कृती आराखडा मंजूर केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. संप सहा महिने ताणला गेलेला, घरातली भांडीकुंडी विकायला निघालेली. अशा वेळी लालबाग-परळच्या चाळीत व्हिएन्नातल्या ठरावांची चौकशी कोण करणार? पण त्या संपात तिशीचा असलेला कामगार आता सत्तरी ओलांडून गेला आहे. व्हिएन्नात ज्याची चिंता वाहिली गेली, तो म्हातारा हाच. चार दशकांत जग आणि देश त्याच्यापर्यंत किती पोचले, हे या प्रकरणात पाहू.

आधी, संपापूर्वी इथलं म्हातारपण कसं निभत होतं ते बघितलं पाहिजे. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा यायचा. बायको-मुलं गावी, तो मुंबईत गाळ्यात. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसं आणि जेवायला खानावळ. नोकरी संपली की फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन तो गाडी पकडायचा. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. दरमहा पेन्शन त्याच्या नशिबी नव्हतंच. गावचं घर, भाताचं खाचर आणि सुना हेच पेन्शन. कुठल्याही सरकारने न लिहिलेलं, पण व्यवहारात चालणारं असं ते वृद्धधोरण होतं. त्यात गावातल्या बाईच्या कष्टाची किंमत कोणी धरली नव्हती, हेही सांगायला हवं.

मुंबईतल्या बाईच्या कष्टाचा हिशेब तर त्याहून अवघड. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकांची कर्जं मिळवून दिली. पण दिवसाला पंचवीस-तीस माणसांचं जेवण रांधणारी बाई कागदोपत्री कामगार नव्हती. तिला ना फंड, ना ग्रॅच्युइटी. साठीनंतर तिला उरते ती गुडघेदुखी आणि, नशीब असेल तर, खोली.

संपाने हा जुना बेत मोडला. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. अनेकांचे हिशेब वर्षानुवर्षं रखडले. तोवर बऱ्याच जणांची कुटुंबं मुंबईत आली होती, मुलं इथल्या शाळांत होती. गावी परतायचं तर गावात आता त्यांच्यासाठी जागा राहिली नव्हती. यानंतर आला तो पेन्शनचा कायदा. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. त्याआधीची १९७१ ची योजना मुख्यतः कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देणारी होती. ब्याऐंशी-त्र्याऐंशीतच ज्याची नोकरी गेली, त्याची गाडी पंच्याण्णवच्या आधीच सुटली होती. जे पंच्याण्णवनंतरही कामावर टिकले, त्यांना पेन्शन मिळालं खरं. पण त्या योजनेतलं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर उभं आहे.

याच काळात दुनियेत कागद वाढत होते. संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा वृद्धांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला, १९९१ मध्ये वृद्धांसाठीची तत्त्वं जाहीर केली, १९९९ हे वर्ष ज्येष्ठांचं म्हणून साजरं केलं आणि एप्रिल २००२ मध्ये माद्रिदला दुसरी जागतिक परिषद घेतली. व्हिएन्नाच्या आराखड्यात श्रीमंत देशांची काळजी जास्त दिसते. माद्रिदच्या आराखड्यात विकसनशील देश मध्यभागी आले आणि एक साधं पण मोलाचं सूत्र मांडलं गेलं: म्हाताऱ्या माणसाला आपल्या राहत्या जागी, आपल्या ओळखीच्या माणसांत म्हातारं होता यावं. हे आराखडे कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत. सही करायची, अधूनमधून अहवाल द्यायचा, एवढंच. तरी ते वाया गेले असं म्हणता येणार नाही. घटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यातल्या मदतीचा उल्लेख पहिल्यापासून आहे. पण भारताचं पहिलं राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे नेमकं त्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या तोंडावर आलं, हा निव्वळ योगायोग नव्हे. ते सुधारण्यासाठी मोहिनी गिरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा मसुदा २०११ मध्ये आला आणि मसुदाच राहिला.

धोरण सुंदर आहे, पण पैशाकडे बघितलं की चित्र पालटतं. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी केंद्राची पेन्शन योजना १९९५ मध्ये ७५ रुपयांनी सुरू झाली. पुढे ती २०० रुपये झाली. ऐंशी वर्षांवरच्यांना ५०० मिळतात. ६० ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राकडून आजही महिन्याला २०० रुपयेच. लालबागच्या बाजारात त्यात मालवणी मसाल्याचं एक लहान पाकीट येईल. महाराष्ट्र सरकार श्रावणबाळ योजनेतून भर घालतं, त्यामुळे इथे महिन्याला १,५०० रुपये हातात पडतात. अट अशी, की वय ६५ हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुंबईत धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरातही याहून जास्त पैसे येतात, आणि हे अर्ज तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. परिणामी गरजू माणसाला दाखल्यासाठी एक तर खोटं बोलावं लागतं, नाहीतर घरी बसावं लागतं. ही मर्यादा इतकी वर्षं तशीच ठेवणं हा माझ्या मते विसरभोळेपणा नाही. खर्च आटोक्यात ठेवण्याचा तो बिनबोभाट मार्ग आहे. याउलट ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतमधून ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. उत्पन्नाची अट काढली की योजना लगेच माणसांपर्यंत पोचते, हे या दोन्हींवरून दिसतं. पण एसटीने गावी जाता येतं आणि कार्डावर मोतीबिंदू काढता येतो. महिन्याचं वाणसामान भरता येत नाही.

या भागातलं खरं वृद्धधोरण कुठे आहे, याचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे. ज्या वर्षी दिल्लीत ज्येष्ठांचं धोरण जाहीर झालं, त्याच १९९९ मध्ये महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली, जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवलं आणि भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क कसा जाईल हे सांगितलं. त्यात ‘ज्येष्ठ नागरिक’ हे शब्द शोधत बसावे लागतील. पण लालबागच्या विधवेला या दोन कागदांपैकी कोणता लागू पडला, असं विचारलं तर ती कोणत्याकडे बोट दाखवेल याविषयी मला शंका नाही. इथे म्हाताऱ्या माणसाची खोली हीच त्याची एकमेव पुंजी. महिन्याचं भाडं नाममात्र, जागेची किंमत कोटीच्या घरात. पेन्शन नसलेल्या माणसाला घरात मान मिळतो तो पुष्कळदा भाडेपावतीवरच्या नावामुळे.

म्हणूनच वाद होतात तेही खोलीवरून. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण कायदा २००७ मध्ये झाला. असा कायदा करणारा भारत पहिला देश नव्हे. सिंगापूरने १९९५ मध्येच आईवडिलांच्या पोषणाचा कायदा केला होता आणि तिथे आज प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाण्याआधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो. आपल्या कायद्यात प्रांताधिकाऱ्याचं न्यायाधिकरण आहे, वकील चालत नाही, आणि मुलाने किंवा मुलीने द्यायच्या रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ती काढून टाकणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि पारित न होताच संपलं. मूल नसलेल्या वृद्धालाही, ज्याला पुढे वारसा मिळणार आहे त्या नातेवाइकाकडे मागणी करता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

गिरणगावाच्या दृष्टीने या कायद्यातलं सर्वांत धारदार कलम २३ वं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि मग सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. ‘मालमत्ता’ या शब्दात कायद्याने मालमत्तेतले हक्क आणि हितसंबंधही धरले आहेत. जिथे मालकी विरळा आणि भाडेहक्क घरोघरी, तिथे या व्याख्येचं मोल मोठं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उर्मिला दीक्षित खटल्यात या कलमाचा उदार अर्थ लावला आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं म्हटलं. तरीही सांभाळण्याची अट कागदावर स्पष्ट लिहून घेतलेली बरी. अटीवाचून केलेल्या बक्षीसपत्राने म्हातारी माणसं अडचणीत आल्याचे निकालही आहेत. दुसरी बाजूही आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सासू आणि सून दोघींची जागा एकच. सासूने ज्येष्ठांच्या कायद्याखाली खोली मागितली आणि सुनेचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने मिळालेला राहण्याचा हक्क आडवा आला, तर? डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिला कायदा दुसऱ्याला सरसकट गिळू शकत नाही. निकाल योग्यच होता. खोली मात्र तेवढीच राहिली.

खोलीचा दुसरा प्रश्न जिन्याचा. शहरबेटावर १९६९ च्या आधीच्या, उपकर भरणाऱ्या १९,६४२ इमारतींची नोंद झाली होती; त्यातल्या बऱ्याच गिरगाव, काळबादेवी, परळ, दादर भागातल्या. लाकडी जिना, लिफ्ट नाही, संडास सज्ज्याच्या टोकाला. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया कितीही उत्तम होवो, पुढे तो खाली उतरतो तो चौघांच्या आधाराने. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. जगातल्या ३३ शहरांतल्या वृद्धांशी बोलून ती तयार झाली होती आणि त्यात बाकं, पदपथ, बस, घरं अशा साध्या गोष्टी होत्या. गिरगाव चौपाटीवर, शिवाजी पार्कात नाना-नानी पार्क आहेत, ज्येष्ठ नागरिक संघांची सकाळची हजेरी आहे, वाढदिवस होतात, सहली निघतात. हे सगळं छान आहे. पण त्या बाकापर्यंत पोचतो तो माणूस मुळात जिना उतरू शकणारा असतो.

चाळीचे गोडवे गाऊन मी थांबणार नाही. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, प्रत्येकी १६० चौरस फुटांच्या खोल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास आणि लिफ्ट या दोन गोष्टींसाठी म्हातारा माणूस काय देणार नाही! रात्री तीनदा उठावं लागणाऱ्याला सज्ज्यातल्या शेजाराची थोरवी सांगू नये. प्रश्न उरतात ते दोन. एक, चाळिसाव्या मजल्यावर बंद दारामागे पडलेल्या माणसाची हाक कुणाला ऐकू जाणार? सज्ज्यात दिवसभर कोणी ना कोणी असायचं. दुपारपर्यंत दार उघडलं नाही तर शेजारीण कडी वाजवायची. टॉवरमध्ये हे काम कोणाकडे तरी मुद्दाम सोपवावं लागेल, आणि पुनर्विकासाच्या करारात त्यासाठी रकाना नाही. दोन, मेंटेनन्स. दीड हजारांच्या श्रावणबाळावर लिफ्टचं बिल कसं भरायचं? आणि ही चर्चा ज्यांना घर मिळालं त्यांची. संक्रमण शिबिरांत तात्पुरते म्हणून गेलेले काही भाडेकरू तिथेच म्हातारे झाले.

गिरणी कामगारांच्या घरांची गोष्टही अशीच लांबली. गिरण्यांच्या जमिनीतला वाटा कामगारांच्या घरांसाठी ठरला, अर्ज आले दीड लाखाहून अधिक. जून २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. २२५ चौरस फुटांचं घर, साडेसात लाख रुपयांना. साठीच्या माणसाला बँक एवढं कर्ज देणार कशी? मग ते मुलाच्या नावावर, आणि घरातला शब्दही मुलाचा. मार्च २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरं निघाली. उरलेल्यांसाठी अलीकडे बदलापूरच्या पुढची वांगणी आणि शेलू ही ठिकाणं पुढे आली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये म्हाताऱ्या कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी आझाद मैदान गाठलं. त्यांचं म्हणणं हट्टाचं वाटेल, पण केईएमची ओपीडी, टाटाचा फॉलो-अप, पन्नास वर्षांचे शेजारी हे सगळं परळला आहे. ‘राहत्या जागी म्हातारं होणं’ हे माद्रिदचं सूत्र याहून स्पष्ट मराठीत कोणी मांडलं नसेल. ते मांडणाऱ्यांनी माद्रिदचं नाव ऐकलं असो वा नसो.

दादर पारशी कॉलनीकडे वळलं की याच प्रश्नाचं वेगळं रूप दिसतं. देशातल्या पारशांची संख्या १९४१ मध्ये १,१४,८९० होती, २०११ मध्ये ५७,२६४. समाजात म्हातारे पुष्कळ, मुलं थोडी. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ योजना आणली ती जन्म वाढावेत म्हणून, उपचारांचा खर्च देणारी. पुढे त्यात घरातल्या वृद्धांच्या देखभालीसाठी मदतीचीही सोय झाली. कारण दोन म्हाताऱ्यांचं करता करता तरुण जोडपं मुलाचा विचार पुढे ढकलत जातं, हे उघड होतं. वृद्धांची काळजी आणि मुलांचा जन्म यांची सांगड घालणारी अशी योजना आपल्याकडे विरळाच. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो की २०५० पर्यंत भारतात दर पाचांमागे एक जण साठीच्या पुढचा असेल. दादरच्या त्या कॉलनीने हे गणित केव्हाच सोडवायला घेतलं आहे.

राहता राहिली माणसं, प्रत्यक्ष हात लावणारी. गिरगावातल्या वाडीत मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी पुण्यात असलेल्या आजींकडे, घरी देखभालीला माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोची बाई असते, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. ती दिवा, कल्याण, विरारकडून येते. तिचं प्रशिक्षण म्हणजे आधीच्या पेशंटकडचा अनुभव, तिच्या पगारातला हिस्सा ब्यूरोचा, आणि तिच्या स्वतःच्या सासूकडे कोण बघतं हे कोणी विचारत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीचा विमा सक्तीचा केला. जपानात चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. पासष्टीनंतर गरजेची पाहणी होते आणि घरी मदतनीस येते, वापरणाऱ्याने साधारण दहावा हिस्सा भरायचा. आपल्याकडे राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, मुंबईत जे. जे. रुग्णालयाकडे त्याचं प्रादेशिक केंद्र आहे. पण तो बहुतेक दवाखान्याच्या दारातच थांबतो. आंघोळ घालणारा हात त्यात नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते इथे मात्र चांगलंच हालचाल करतं, फक्त उलट दिशेने. भारत आणि जपानने जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांचा करार केला, त्यात वृद्धांची शुश्रूषा हे एक क्षेत्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग सुरू झाले, आणि यादीत परिचारिका व शुश्रूषा सहायक आहेत. तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना चांगला पगार मिळेल, त्यांना अडवण्याचं काहीच कारण नाही. पण करारात एक ओळ मागता आली असती: जितक्यांना तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी शिकवाल, त्यातल्या काहींना इथे शिकवण्यासाठी परत पाठवा, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र इथल्या ब्यूरोच्या बाईलाही द्या. जर्मनीची गरज मोठी होती, आपला हात वरचा होता.

एप्रिल २०२५ मध्ये जिनिव्हात मानवी हक्क परिषदेने वृद्धांच्या हक्कांचा बंधनकारक करार लिहिण्यासाठी कार्यगट नेमायचं ठरवलं. व्हिएन्नापासून त्रेचाळीस वर्षांनी. मुलांच्या हक्कांचा करार १९८९ मध्ये झाला, अपंगांचा २००६ मध्ये. म्हाताऱ्यांची पाळी सर्वांत शेवटी आली. मसुद्यावर भारत बोलेल तेव्हा केंद्राचं सामाजिक न्याय खातं पुढे असेल. त्या शिष्टमंडळाला एक आगाऊ सूचना: पेन्शन, आरोग्य, छळ यांच्या कलमांबरोबर भाडेहक्काचं, पुनर्विकासाचं आणि स्थलांतराला नकार देण्याचंही कलम मागावं, आणि ते लिहायला म्हाडाच्या दुरुस्ती मंडळातला, भाडेकरूंच्या फायली वर्षानुवर्षं हाताळलेला एखादा कारकून बरोबर न्यावा.